सांगलीहून ऑकलंडला: आधी पहिली रात्र ठरवा, मग तिकीट

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "ताई, दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस न्यूझीलंडला जायचं ठरतंय. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, बाबा ७३ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे, आई ६८ ची, तिचे गुडघे दुखतात. ऑकलंडला माझा मामेभाऊ असतो. तीन पर्याय दिसतायत. दुबईमार्गे एकाच तिकिटावर, सिंगापूरमार्गे एकाच तिकिटावर पण माणशी अठरा हजार जास्त, आणि क्वालालंपूरपर्यंत एक तिकीट व पुढे दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट, जे सगळ्यात स्वस्त आहे. कुठलं घेऊ? आणि आईबाबांना एवढा प्रवास झेपेल का?"

झेपेल. पण तुम्ही तीन तिकिटांची तुलना मुंबईच्या विमानतळापासून सुरू केली आहे, आणि तुमचा प्रवास सांगलीच्या घरातून सुरू होतो. गेली बावीस वर्षं मी लोकांचे लांबचे प्रवास आखून देते. सगळ्यात जास्त चुका इथेच होताना पाहिल्या आहेत. तिकिटावर लिहिलेले तास हे प्रवासाचे तास नसतात. घराच्या दाराला कुलूप लावल्यापासून तिथल्या पलंगावर पाठ टेकेपर्यंतचे तास मोजा, आणि ते मोजताना शेवटाकडून मागे या. ऑकलंडमध्ये पहिल्या रात्री आईबाबा किती वाजता झोपणार, त्यासाठी विमान किती वाजता उतरायला हवं, त्यासाठी मुंबईहून कधी निघायला हवं आणि त्यासाठी सांगली कधी सोडायची, या क्रमाने गेलात की तिकीट जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी नकाशा. मुंबईहून न्यूझीलंडला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास, सिंगापूर ते ऑकलंड साधारण दहा तास. म्हणजे हवेत साडेपंधरा तास. दुबईमार्गे जाताना आधी तीन तास पश्चिमेला, म्हणजे नेमकं उलट्या दिशेला जायचं आणि मग तिथून ऑकलंडपर्यंत सोळा तासांच्या आसपास एका बैठकीत. किलोमीटरमध्ये सांगायचं तर सिंगापूरमार्गे सव्वाबारा हजारांच्या आसपास, दुबईमार्गे सोळा हजार. दुबईचा रस्ता वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिशीतल्या धडधाकट जोडप्याला, ज्यांना विमानात बसल्या बसल्या झोप लागते, त्यांना मी तो सुचवतेही, कारण एक लांब सलग टप्पा त्यांना सोयीचा जातो. पण ७३ वर्षांचा इन्सुलिन घेणारा माणूस आणि गुडघेदुखी असलेली आई यांना सोळा तासांची एक बैठक देण्याऐवजी साडेपाच आणि दहा असे दोन तुकडे द्यावेत, मध्ये तीन-चार तास पाय मोकळे करायला मिळावेत, हे मला जास्त पटतं.

तिसरा पर्याय, वेगवेगळ्या तिकिटांचा, तुमच्यासाठी मी बादच करते. कारण सांगते. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाचे पैसे वाचवायला मी अशीच दोन तिकिटं जोडून दिली होती. मध्ये पाच तास होते, मला ते पुरेसे वाटले. पहिलं विमान चार तास उशिरा सुटलं. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने ते प्रवासी फक्त वेळेवर न आलेले प्रवासी होते. चौघांची नवी तिकिटं त्याच दिवसाच्या भावाने घ्यावी लागली आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. ती चूक माझी होती, आणि म्हातारी माणसं परक्या विमानतळावर बसून होती हे मला अजून टोचतं. सगळा प्रवास एका पीएनआरवर असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर ती कुणाचीच नसते. शिवाय बहुतेक वेळा सामान मध्येच उतरवून घ्यावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश घ्या, बॅगा उचला, पुन्हा रांगेत उभे राहा. क्वालालंपूरला दोन टर्मिनलं आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला गाडी पकडावी लागते. आईंच्या गुडघ्यांचा विचार करा.

याच संदर्भात आणखी एक. काही स्वस्त तिकिटं सिडनी किंवा मेलबर्नला थांबून ऑकलंडला जातात. ऑस्ट्रेलियात विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो, सबक्लास ७७१. तो मोफत आहे आणि ७२ तासांपर्यंत चालतो, पण अर्ज आधी करावा लागतो. नसेल तर मुंबईतच काउंटरवर अडवतात. सिंगापूरला एकाच तिकिटावर असाल, सामान थेट ऑकलंडपर्यंत टॅग झालं असेल आणि तुम्ही आतच थांबणार असाल तर व्हिसाचा प्रश्न येत नाही. मुंबईत बॅगा देताना टॅगवरची शेवटची तीन अक्षरं ऑकलंडची (AKL) आहेत ना, हे स्वतः वाचा.

आता वेळेकडे येऊ, कारण सगळं गणित इथे आहे. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं. त्यामुळे दिवाळीत ते आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सांगलीत दुपारचे अडीच झालेले असतात, जेवण होऊन वामकुक्षीची वेळ. म्हणून पहिल्या रात्री दहाला झोप लागतेसुद्धा, पण ती वामकुक्षीसारखीच असते. तिथल्या रात्री एक वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, सगळं घर टक्क जागं होतं आणि बाबा चहा मागतात. मग सकाळी सातला, आपल्या रात्री साडेअकराला, ज्याला त्याला गाढ झोप येते. नेमक्या त्याच वेळी सहलीची बस दारात उभी असते.

पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो. आतलं घड्याळ पुढे सरकवणं हे मागे सरकवण्यापेक्षा कठीण असतं. पूर्वेकडे जाताना ते दिवसाला साधारण एक तास सरकतं. ते सरकवणारी मुख्य गोष्ट म्हणजे प्रकाश. आणि इथे एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो, उतरल्या उतरल्या सकाळच्या उन्हात फिरा म्हणून. थोडं थांबून गणित पाहा. आपल्या शरीराचं तापमान रोजच्या जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं. त्या क्षणानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे ओढतो, त्याच्या आधीच्या काही तासांत मिळालेला प्रकाश मागे ढकलतो. तुम्ही घरी सहाला उठत असाल तर तो क्षण पहाटे चारच्या आसपासचा. चारमध्ये साडेसात मिळवा: ऑकलंडचे सकाळचे साडेअकरा. म्हणजे पहिल्या दिवशी साडेअकराच्या आधीचं कडक ऊन तुम्हाला चुकीच्या दिशेने ढकलतं, आणि दुपारचं ऊन हवं त्या दिशेने. बाबा पहाटे पाचला उठणारे असतील तर त्यांची रेषा साडेदहाला येते. रोज ही रेषा तासभर अलीकडे सरकते. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आठला बाहेर पडायला हरकत नसते.

म्हणून मला तुमचं विमान ऑकलंडला दुपारी उतरायला हवं आहे. मागे या: दुपारी दीडला उतरायचं तर सिंगापूरहून रात्री साडेदहाच्या सुमारास निघायचं. त्याआधी सिंगापूरला तीन-चार तास हवेत, म्हणजे तिथे संध्याकाळी सात-साडेसातला पोचायचं. त्यासाठी मुंबईहून सकाळी अकराच्या सुमारास निघायचं. अशा वेळा त्या त्या हंगामाच्या वेळापत्रकात शोधाव्या लागतात, मिनिटाला मिनीट जुळणार नाहीत, पण ठेवण हीच हवी: पहिला टप्पा दिवसा, दुसरा रात्री, उतरणं दुपारी. यात दहा तासांचा लांब टप्पा आपल्या संध्याकाळी आठपासून सकाळी सहापर्यंत येतो. म्हणजे सगळ्यांची नेहमीची रात्र विमानात जाते आणि उतरताना अंगाला सकाळ झाल्यासारखी वाटते. मामेभावाच्या घरी पोचायला चार वाजतील. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑकलंडला सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणजे हातात चार तासांचं चांगलं ऊन आहे. अंघोळ, चहा आणि मग घराजवळच्या बागेत किंवा समुद्रकाठी रमतगमत एक चक्कर. साडेनऊ-दहाला अंथरुणावर. टोपी आणि सनस्क्रीन मात्र विसरू नका, तिथलं ऊन हवा थंड असली तरी भाजून काढतं.

मुंबईहून रात्री उशिरा निघणारी विमानं लोकांना आवडतात, कारण दिवस वाया जात नाही असं वाटतं. पण त्या हिशोबाने सिंगापूर सकाळी, पुढचा टप्पा दिवसा आणि ऑकलंड मध्यरात्री. इमिग्रेशन, बॅगा, तपासणी आटपून घरी पोचायला रात्रीचे दोन. शरीराला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाटत असतात, आदल्या रात्री झोप नसते आणि झोप येतही नाही. मी अशी तिकिटं ज्येष्ठांबरोबर असलेल्यांना घेऊ देत नाही.

आता तुमच्या बाजूचं टोक. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने सात-आठ तास, घाटात आणि मुंबईच्या तोंडाशी अडकलात तर नऊ. सकाळी अकराच्या विमानासाठी आठच्या आत विमानतळावर हवं. रात्रभर गाडीतून येऊन सरळ विमानात बसायचा बेत करू नका. ठाण्याला, नव्या मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पोचा, नसतील तर विमानतळाजवळ एक रात्र हॉटेल घ्या. या एका रात्रीच्या खर्चाने पुढचे तीन दिवस वाचतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आणि मुंबईच्या परिसरात आता दोन विमानतळ आहेत, तिकिटावर कुठल्या विमानतळाचं नाव आहे ते नीट वाचून ठेवा.

माणशी अठरा हजार जास्त, म्हणजे पाच जणांचे नव्वद हजार. रक्कम लहान नाही आणि मी ती उडवून लावणार नाही. पण ती बऱ्यापैकी भरून काढता येते. तुम्ही बहुधा मुंबई-ऑकलंड-मुंबई असं परतीचं तिकीट शोधलंत. त्याऐवजी मल्टिसिटीमध्ये जाताना ऑकलंड आणि येताना क्राइस्टचर्च असं शोधा. सिंगापूरहून दोन्ही शहरांना विमानं आहेत. भाव साधारण तेवढाच राहतो, कधी थोडा इकडेतिकडे. उत्तर बेटावर ऑकलंड आणि रोटोरुआ पाहा, मग देशांतर्गत विमानाने क्वीन्सटाउन, तिथून गाडीने टेकापो सरोवरावरून क्राइस्टचर्च आणि तिथूनच घरी. दक्षिण बेटावरून परत ऑकलंडला यायची पाच तिकिटं, त्यांच्या बॅगांचे वेगळे पैसे आणि सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे सुट्टीतला एक पूर्ण दिवस, हे तिन्ही वाचतात. पंधरा दिवसांत एक दिवस फार असतो.

हंगामाबद्दल थोडक्यात. दिवाळीत तिकडे वसंत असतो: डोंगरावर अजून बर्फ, कुरणांत कोकरं, धबधबे भरलेले, हवा लहरी. टेकापोची ल्युपिनची फुलं नोव्हेंबरच्या मध्यापासून बहरू लागतात, दिवाळी उशिरा आली तर मुलीला ती दिसतील. डिसेंबर-जानेवारी त्यांची शाळेची सुट्टी, सगळं महाग आणि भरलेलं. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तिथे थंडी सुरू होते आणि दिवस लहान असतो हे धरून चालावं. तुमची निवड चांगली आहे.

व्हिसा. न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा ऑनलाइन काढायचा. तुम्ही, पत्नी आणि मुलगी एका अर्जात येऊ शकता, आईबाबांचा अर्ज वेगळा. निदान अडीच-तीन महिने आधी अर्ज करा आणि मंजुरीपूर्वी पैसे परत न मिळणारं तिकीट घेऊ नका. कागदपत्रं इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह द्या. सांगलीकडच्या अर्जांत सातबारा, ग्रामपंचायतीचे दाखले, सहकारी बँकेची मराठी पासबुकं असतात, त्यांचं भाषांतर वेळेत करून घ्या. बाबांच्या पेन्शनचा पुरावा, तुमचं रजेचं पत्र, मुलीच्या शाळेचं पत्र, मामेभावाचं निमंत्रण आणि तुम्ही परत का येणार हे सांगणारं साधं, खरं पत्र. ते पत्र स्वतः लिहा. पासपोर्टची मुदत न्यूझीलंड सोडल्यानंतर किमान तीन महिने असावी लागते. मी सहा महिने धरायला सांगते, कारण काही कारणाने सिंगापूरमध्ये प्रवेश घ्यावा लागला तर तिथे सहा महिने बघतात.

आईंचा पासपोर्ट आत्ताच काढून नाव वाचा. आपल्याकडे बायकांची नावं लग्नाआधीची, लग्नानंतरची, कधी आडनावाचा रकानाच रिकामा, अशी अनेक तऱ्हांनी असतात. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर हवं, आधार कार्डाप्रमाणे नाही. निघण्याच्या आदल्या २४ तासांत न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन, म्हणजे प्रवाशाने द्यायचं घोषणापत्र, भरायचं असतं. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती बंद करा.

बाबांविषयी मला जास्त सविस्तर सांगायचं आहे. इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवायचं, विमानाच्या पोटातल्या सामानात कधीही नाही, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. निम्मं तुमच्या बॅगेत, निम्मं पत्नीच्या, म्हणजे एक बॅग इकडेतिकडे झाली तरी अडत नाही. ग्लुकोमीटर, पट्ट्या, साखरेच्या गोळ्या किंवा खडीसाखर हाताशी. पूर्वेला जाताना दिवस साडेसात तासांनी लहान होतो, त्यामुळे लांब काम करणाऱ्या इन्सुलिनचा डोस त्या दिवशी किती आणि केव्हा, हे फक्त त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यासाठी डॉक्टरांकडे तिकिटाची प्रत घेऊन जा आणि वेळा भारतीय घड्याळात लिहून न्या: निघणं, पहिलं जेवण, सिंगापूर, दुसरं जेवण, उतरणं. जेवणाच्या वेळचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं. हवा खराब झाली की हवाई सुंदरी गाड्या मागे नेतात आणि जेवण तासभर लांबतं, त्या तासात साखर खाली गेलेली मी पाहिली आहे. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. न्यूझीलंडमध्ये सर्वसाधारण औषधं तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात, नियंत्रित गटातली असतील तर एक महिन्याची, आणि ती घोषित करायची असतात.

विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, त्यावरून अंदाज करा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना हेही विचारा. हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली, म्हणून घोट घोट पाणी पीत राहायचं. लघवीला उठावं लागेल म्हणून आपली ज्येष्ठ मंडळी पाणीच पीत नाहीत, हा मोठा प्रश्न आहे. त्यावर उपाय एकच: दोघांनाही आयल सीट, म्हणजे मार्गिकेलगतची जागा द्या, स्वच्छतागृहापासून चार-पाच रांगा अलीकडे. अगदी लगतची रांग नको, तिथे रात्रभर दार वाजतं. आपत्कालीन दाराजवळची पाय पसरायची जागा त्यांना मिळणार नाही, तिथे बसणाऱ्याला मदत करता यावी लागते.

पायात गुठळी होण्याची भीती आईंना कुणीतरी घातली असेलच. खरी गोष्ट अशी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात, जिथे बसून राहावं लागतं, हा धोका साधारण दुप्पट होतो. पण मुळात तो लहान आहे, सहा हजारांत एकाच्या आसपास. म्हणून घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. दर तास-दीड तासाला उठून मार्गिकेत फेरी, बसल्या जागी टाचा वर-खाली, सैल कपडे. घट्ट मोजे दुकानातून आणून बाबांना परस्पर घालू नका. मधुमेहात पायाचं रक्ताभिसरण कमी असेल तर त्यांनी अपाय होऊ शकतो. तेही डॉक्टरांनाच विचारा.

आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. "मला काय धाड भरलीय, मी चालीन की," असं त्या म्हणतील. त्यांना सांगा की सिंगापूरला एका गेटवरून दुसऱ्यापर्यंत किलोमीटरभर चाल होऊ शकते, ऑकलंडलाही बरीच आहे, आणि गुडघे पहिल्याच दिवशी दुखावले तर रोटोरुआ खिडकीतून बघावं लागेल. नोंदवताना पायऱ्या चढता येतात की नाही तेही सांगा, त्यावरून मदतीचा प्रकार ठरतो. सिंगापूरला सुरक्षा तपासणी बहुतेक टर्मिनलांत गेटपाशीच होते, म्हणून पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. रिकामी बाटली घेऊन जा, आत भरता आली तर भरा, नाहीतर विमानात मागा.

शाकाहारी जेवण हवं असेल तर एशियन व्हेजिटेरियन असं नोंदवा, किमान ४८ तास आधी. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर उकडलेल्या भाज्या समोर येतात आणि बाबा जेवणार नाहीत. सोबत दशम्या आणि कोरडी चटणी असू द्या, पण ती विमानातच संपवायची.

आणि आता फराळ. मामेभावाकडे दिवाळीत रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मला पूर्ण समजतं. पण न्यूझीलंडचं जैवसुरक्षा खातं अतिशय कडक आहे. त्यांचा देश शेती आणि दूधदुभत्यावर उभा आहे आणि बाहेरचा एक रोग आत शिरला तर गुरं जातील, ही त्यांची खरी काळजी आहे. दूध, खवा, तूप असलेलं काही नेऊ नका, म्हणजे बेसनाचे लाडू आणि करंज्या घरीच. मध अजिबात नाही. ताजी फळं, बिया, फुलं, झाडपाला नाही. चकली, चिवडा नेलात तर बंद पाकिटातला, घटक छापलेला, आणि खाण्याचं जे काही असेल ते ट्रॅव्हलर डिक्लरेशनमध्ये घोषित करा. घोषित केलेली वस्तू त्यांनी काढून घेतली तरी दंड होत नाही. न सांगता सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड, मग ते विमानात मिळालेलं सफरचंद का असेना. निघताना कुणीतरी आईंची ओटी भरेल आणि तो नारळ, ते तांदूळ हळूच पर्समध्ये जातील. सिंगापूरला पर्स एकदा उघडून बघा. बुटांच्या तळव्यांना शेतातली माती असेल तर निघण्यापूर्वी घासून धुवा, बूटही तपासतात.

ऑकलंडहून त्याच दिवशी पुढचं देशांतर्गत विमान ठेवू नका. ठेवावंच लागलं तर बॅगा आधी ताब्यात घेऊन, तपासणीतून बाहेर पडून, देशांतर्गत टर्मिनलला जावं लागतं. पायी दहा मिनिटं, जमिनीवर हिरवी रेघ आखलेली आहे. पण तपासणीला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं. गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथेही डावीकडूनच चालवतात आणि आपला इंग्रजीतला परवाना चालतो. मात्र पहिले दोन दिवस तुम्ही चाकामागे बसू नका. रात्री एकला जागा झालेला माणूस दुपारी अरुंद वळणावर डुलकी घेतो.

पहिले तीन दिवस सकाळी दहाच्या आधी काहीही ठरवू नका, पैसे भरलेलं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी डेव्हनपोर्टच्या बोटीत बसा, शहराच्या धक्क्यावरून दहा-बारा मिनिटं लागतात. मुलगी खूश होईल आणि आईंना फार चालावं लागणार नाही. रोटोरुआला चौथ्या दिवशी निघा, तीन तासांचा रस्ता आहे.

विमा घेताना बाबांचा मधुमेह लिहा. लपवला तर दाव्याच्या वेळी सगळंच अडतं. तिथे अपघातात दुखापत झाली तर उपचारांना एसीसी नावाची सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, पण आजारपणाला ती लागू नाही, आणि तुमची जोखीम आजारपणाची आहे. सहलीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर, कापला जाईल, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा. पॉवर बँक केबिन बॅगेतच, आणि २०२५ पासून काही कंपन्यांनी ती विमानात वापरायलाही मनाई केली आहे, म्हणून फोन सीटच्या सॉकेटवर चार्ज करा. तिथले प्लग तिरक्या चपट्या पिनांचे असतात, एक अडॅप्टर आणि इथला एक्स्टेंशन बोर्ड घेतला की सगळ्यांचं भागतं.

परतीचं बघू. क्राइस्टचर्चहून सकाळी निघालात तर सिंगापूर संध्याकाळी आणि मुंबई रात्री दहा-अकराला. त्या वेळी तुमच्या शरीराला पहाटेचे सहा वाटत असतील, म्हणजे रात्रभर जागल्यासारखं. घर जवळ आलं म्हणून गाडी काढून त्याच रात्री सांगली गाठायचा मोह सगळ्यांना होतो. बाबा मागे बसलेले, मुलगी झोपलेली आणि चालवणारे तुम्ही, हे मला नको आहे. ठाण्याला झोपा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा. पश्चिमेकडे येताना शरीर लवकर सावरतं, तीन-चार दिवसांत सगळे जागेवर येतात. तरीही कामावर रुजू व्हायचा दिवस पोचल्यानंतर दोन दिवसांनी धरा आणि रजा तशी टाका.

तेव्हा सिंगापूरमार्गे, एकाच तिकिटावर, जाताना ऑकलंड आणि येताना क्राइस्टचर्च, दुपारी उतरणारं. पण तिकिटाला हात लावण्याआधी या आठवड्यात दोनच कामं करा: पाचही पासपोर्टांवरची नावं आणि मुदती एका कागदावर उतरवून काढा, आणि बाबांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टर हो म्हणाले की व्हिसाचा अर्ज भरायला घ्या.